ओढ्यात थांबलेली ओवी

बिराजी अण्णा पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा मी त्यांना बाहेर बसवलं होतं. बिदरला मैलूरमध्ये माझं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान. सणासुदीचे दिवस होते, टेबलावर चार यंत्रं पोट उघडून पडली होती आणि दारात पटका बांधलेले एक गृहस्थ काखेत पोत्यात गुंडाळलेला ढोल घेऊन उभे होते. चिंताकीच्या पलीकडच्या धनगरवाडीहून ते बसने आले होते. ढोल टपावर टाका असं कंडक्टर म्हणाला, तेव्हा अण्णांनी त्याचं वेगळं तिकीट काढलं आणि त्याला शेजारच्या सीटवर बसवून आणलं. ही हकीकत त्यांनी मला अशा सहजतेने सांगितली, की ढोलाचं तिकीट सगळं जगच काढतं आणि मलाच तेवढं ठाऊक नाही असं मला वाटलं.

ते दोन तास बाहेर बसले. नंतर आत येऊन म्हणाले, "गिटार आन ढोल बरोबरीनं ऐकू याय पायजे. तसं काय हाय का तुमच्याकडं?"

"आवाज मोठा करून देतो," मी म्हणालो. त्या काळी माझ्याकडे प्रत्येक प्रश्नाला हेच उत्तर होतं.

"मोठा नगं. लांब जानारा पायजे. मोठा आवाज भांडनाला लागतो."

वीस वर्षं मी आवाजाचा धंदा केला होता, आणि मला कुणी असं सुनावलं नव्हतं. मला रागच आला. पण माळाच्या टोकाला गेलेल्या माणसाला मेंढपाळ कसा साद घालतो, ते त्यांनी तिथेच, दुकानाच्या पायरीवर उभं राहून दाखवलं. ते ओरडले नाहीत, साधं बोलल्यासारखी हाक दिली; पण समोरच्या गल्लीच्या शेवटच्या घरातून एक बाई बाहेर येऊन बघायला लागली. मी टेबलावरची यंत्रं बाजूला सारली आणि चहा सांगितला.

त्या चहातून 'वाडगं' हा बँड जन्मला. मेंढरं कोंडायच्या काटेरी कुंपणाला वाडगं म्हणतात, तेच नाव. आम्ही चौघे होतो. अण्णा गाणार आणि गाणी रचणार. त्यांचा धाकटा चुलतभाऊ शंकर ढोलावर. बिदरच्या लग्नसमारंभांत गिटार वाजवून कंटाळलेले शकीलभाई गिटारवर. आणि मिक्सरपाशी मी, ज्याला शंकर मामा म्हणायचा. लोकरीची कातरणी, वनखात्याच्या कोंडवाड्यात अडकलेली मेंढरं, फक्त मंगळवारी उगवणारे मास्तर, असल्या विषयांवर सीमेवरच्या आमच्या मराठीत अण्णा रॉक गायचे. काही शहाण्यांनी नाकं मुरडली. औरादच्या बाजारात मात्र कॉलेजातली पोरं आणि पटकेवाले म्हातारे एकाच गाण्याला माना हलवायचे, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

अण्णांचे वडील, ज्यांना सगळी वाडी थोरले आप्पा म्हणायची, हे बिरोबाचे भगत, म्हणजे देवापुढे ओव्या गाणारे. ढोल देवाचा, तेव्हा त्यांच्या परवानगीशिवाय तो स्टेजवर नेणं शक्य नव्हतं. आम्ही चौघे त्यांच्यासमोर बसलो. आप्पा म्हणाले, "वाजवा. पर सुंबरान मांडलं तर उचलल्याबिगर उठायचं न्हाई."

सुंबरान म्हणजे देवाचं स्मरण. ओवीची सुरुवात त्याने होते. ते मांडलं की ओवी पुरी करून उचलायचं. वाडीचा रिवाज असा, की ओवी मध्येच तुटली तर देव कथेत जिथे असेल तिथेच उभा राहतो. मग मांडताना जे हात होते तेच हात पुन्हा एकत्र येऊन ती पुरी करीपर्यंत गाणाऱ्याने दुसरं काहीही गायचं नाही. मी हळूच विचारलं, की मी तर नुसता तारा जोडणारा, माझा काय संबंध? आप्पा म्हणाले, "बसलायस न्हवं हितं? मग तू बी धरलास." शकीलभाईंनी मात्र एका शब्दाची शंका काढली नाही. "रब का नाम है मियाँ, आधे में कैसा छोडते?" एवढंच ते म्हणाले.

पूर्ण ओवीला तास-दीड तास लागतो. म्हणून अण्णांनी नियम केला, की स्टेजवर सुंबरान मांडायचंच नाही. आपली रचलेली गाणी गायची आणि उतरायचं. नियमांच्या बाबतीत अण्णा फार कडक. कातरणीच्या दिवसांत ते कार्यक्रम घेत नसत, मग बोलावणारा कितीही मोठा असो. उदगीरला कुणीतरी त्यांच्या मराठीला हसलं आणि कलबुर्गीकडे एका सभेत कुणीतरी "कन्नडमध्ये गा" म्हणून ओरडलं. दोन्हीकडे अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "समजलं का न्हाई ते सांगा." दोन्हीकडे समजलं होतं. मग दोन्हीकडे अण्णा पुढचं कडवं गाऊन मोकळे झाले.

माणूस म्हणून अण्णा काय आहेत, याचा माझ्यापुरता एक दाखला देतो. माझी आई नऊ दिवस दवाखान्यात होती. दुकान बंद ठेवलं तर सणाची गिऱ्हाइकं तुटणार. अण्णा न सांगता आले, किल्ली मागून घेतली आणि नऊ दिवस माझ्या खुर्चीवर बसले. येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "मालक दवाखान्यात हायत. मला ह्यातलं काय बी कळत न्हाई. बसा, चा घ्या." एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. उलट पुढे वर्षभर लोक दुकानात डोकावून विचारत, "ते चहावाले अण्णा कुठायत?"

इथवर लिहून थांबलो असतो, तर अण्णांच्या साठीच्या गौरवसमितीने मला दिलेलं काम नीट पार पडलं असतं. पहिला मसुदा मी तसाच लिहिलाही होता. साधी राहणी, निगर्वी स्वभाव, सगळं जागच्या जागी. तो मी फाडला. कारण तुमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात एक प्रश्न आहे आणि भिडेखातर कुणी तो अण्णांना विचारत नाही: गेली सात वर्षं बिराजी अण्णा गात का नाहीत? त्याचं उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मी आजवर दाबून ठेवलं.

कलबुर्गीला सीमाभागातल्या बँडची स्पर्धा होती. दुपारची वेळ, भरलेलं सभागृह, एका वाहिनीवर थेट प्रक्षेपण. प्रत्येकाला सहा मिनिटं. पाचव्या मिनिटाला स्टेजसमोर लाल दिवा लागायचा. जिंकणाऱ्या बँडची गाणी ध्वनिमुद्रित होणार होती आणि वर्षभर दौरे मिळणार होते. आमच्यात याची सर्वांत जास्त आस शंकरला होती. जहीराबादची ड्रायव्हरची नोकरी त्याने या स्पर्धेसाठी नाकारली होती. महिनाभर रोज चार तास त्याने ढोल घटवला होता, हाताला घट्टे पडले होते.

त्या दिवशी पहिल्यांदाच थोरले आप्पा आमचं गाणं ऐकायला आले. आयोजकांनी त्यांना मानाने पहिल्या रांगेत बसवलं, आणि तिथेच घात झाला. अण्णा स्टेजवर आले, माइकपाशी गेले आणि समोर आप्पा दिसले. वाडीत भगतासमोर तोंड उघडायचं तर आधी सुंबरान मांडायचं, हे अण्णांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. ठरलेलं गाणं कातरणीचं होतं. तोंडातून निघालं ते सुंबरान.

शंकरने चमकून पाहिलं, पण त्याचा हात आपोआप ढोलावर पडला. शकीलभाईंनी डोळे मिटले आणि गिटार ओवीच्या मागे चालू लागली. खरं सांगतो, पहिली चार मिनिटं 'वाडगं' जसं वाजलं तसं ते कधी वाजलं नव्हतं. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी मात्र सारखा घड्याळाकडे पाहत होतो, कारण मला दीड तास दिसत होता.

लाल दिवा लागला. अण्णा गातच होते. देव बहिणीच्या गावाला निघाला होता, माळ ओलांडत होता. सहावं मिनिट गेलं, सातवं गेलं. संयोजक माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले. "निल्सरी, निल्सरी!" थांबवा, थांबवा. आठवं मिनिट. त्यांनी माझं मनगट धरलं. मिक्सरवर प्रत्येक वाद्याची एक सरकपट्टी असते, खाली ओढली की त्या वाद्याचा आवाज गेला. मी घाईत हिशेब केला: ढोल तेवढा खाली घेऊ, अण्णांच्या लक्षात येईल, ते आवरतं घेतील, आणि परीक्षक कदाचित सांभाळून घेतील. आवरतं घेण्याजोगं ते गाणं नव्हतं, हे मला आप्पांच्या तोंडून कळलेलं होतं. तरीही मी ढोलाची पट्टी खाली ओढली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कार्यक्रमात ढोल जड वाटला की अण्णा मला डावा हात वर करून खूण करायचे आणि मी ढोल उतरवायचो. ही आमची नेहमीची रीत, शंकरलाही माहीत. त्या क्षणी अण्णांचा डावा हात वर होता. तो मला केलेला नव्हता. देव ओढ्यापाशी आला होता आणि अण्णा हाताने पैलतीर दाखवत होते. पण शंकरला एवढंच कळलं, की स्पीकरमधून आपला ढोल गेला, अण्णांचा आवाज तेवढा उरला, आणि अण्णांचा हात वर आहे. त्याने टिपरी खाली ठेवली. पडदा ओढला जाऊ लागला आणि मी एकेक माइक बंद करत गेलो. निवेदकाने पुढच्या बँडचं नाव पुकारलं.

सभागृहाबाहेरच्या पायऱ्यांवर शंकर अण्णांसमोर जाऊन उभा राहिला.

"मला कामून बंद केलास? आप्पासमोर तुझाच आवाज ऐकू याय पायजे म्हनून? तूच हात केलास न्हवं?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मिक्सरपाशी मी होतो, त्यांनी हात खुणेसाठी केलेला नव्हता, पट्टी कुणी ओढली ते त्यांना उमगलं होतं. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरे होतं. मी हातातल्या तारा गुंडाळत राहिलो.

"व्हय," अण्णा म्हणाले. "मीच केलो हात."

शंकर पायऱ्या उतरून गेला. थोरल्या आप्पांनी कुणाला दोष दिला नाही. जीपमध्ये बसताना ते फक्त एवढंच म्हणाले, "देव ओढ्यात उभा ऱ्हायला. काढा त्येला."

परतीच्या वाटेवर मी अण्णांना विचारलं, तुम्ही असं का केलंत? ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुझं नाव आलं आसतं तर शंकर तुला सोडला नसता, आन तू वाडीचा रस्ता धरला नसतास. त्यो माजा भाऊ हाय. घरचं भांडन घरात मिटतंय. आट दिसांत येतो बघ."

आठ दिवसांत शंकर आला नाही. त्याने जहीराबादला शाळेच्या बसवर नोकरी धरली आणि वाडी तोडली. ओवी अर्धी राहिली आणि तिच्यासोबत अण्णांचा गळाही. लोकांनी शंभर कारणं काढली: स्पर्धा हरल्याचं दुःख, गर्व, वय. अण्णांनी एकही खोडून काढलं नाही. बोलावणी आली ती त्यांनी हात जोडून परत केली. शकीलभाई पुन्हा लग्नांत गिटार वाजवू लागले.

आप्पा गेले तेव्हा तर कहर झाला. भगताला मुलाने ओवी गाऊन निरोप द्यायचा असतो. अण्णा बापाच्या उशाशी तोंड मिटून बसले आणि शेजारच्या गावाहून बोलावलेला परका भगत गायला. शंकर आला होता. लांब बाभळीखाली उभा राहिला आणि माती झाल्यावर निघून गेला. मी अण्णांना म्हणालो, बोलवा की त्याला. ते म्हणाले, "बोलावून आनलेला हात ढोलावर पडंल, काशिनाथ. पर त्यो वाजनार न्हाई." तेव्हाही मी शंकरपर्यंत पन्नास पावलं चालत जाऊ शकलो असतो. मी आपला तिथेच उभा राहून मांडवाची दोरी सारखी करत राहिलो. लाज म्हणजे काय ते मला त्या दिवशी नीट कळलं.

आता प्रसंग आला आहे तो असा. दोन महिन्यांपूर्वी अण्णांचा आवाज बसला तो सुटेना. कलबुर्गीच्या डॉक्टरांनी स्वरतंतूवर गाठ असल्याचं सांगितलं. गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही. पण शस्त्रक्रिया करावी लागेल, आणि नंतर गाण्याचा आवाज राहील याची हमी कुणी देत नाही. साठीच्या समारंभानंतरच्या मंगळवारचा दिवस ठरला आहे. म्हणजे ओवी पुरी व्हायची तर त्याआधी. नाहीतर देव ओढ्यातच राहिला.

म्हणून मी हा लेख लिहिला आणि समितीकडे देण्याआधी अण्णांकडे घेऊन गेलो. वाडीवर, त्यांच्या अंगणात बसून, पायऱ्यांपर्यंतचा सगळा मजकूर वाचून दाखवला. ते चिडले. अण्णा चिडलेले मी फार कमी वेळा पाहिलेत.

"कामून उकरायलास हे? साठीला मला हार घालायलास का सोताला फास लावून घ्यायलास?"

मी म्हणालो, "अण्णा, हे छापून येऊ दे. माझ्याच्यानं आता उचलवत नाही."

मग अण्णा बसलेल्या आवाजात म्हणाले, "छापायचं आसंल तर आधी शंकरला वाचून दाखव. पुस्तकातनं कळलं तर त्येला चारचौघात दुसऱ्यांदा बंद केल्यासारकं हुईल."

पाहा, इतक्या वर्षांनी गुन्हा माझा, गळा यांचा गेलेला, आणि काळजी कुणाची, तर शंकरची. मला यापुढे अण्णांच्या मोठेपणाबद्दल वेगळं वाक्य लिहिता येत नाही.

मी जहीराबादला गेलो. शाळा सुटायला अवकाश होता, मैदानात शंकर बसची काच पुसत होता. केस पिकलेत, पण मनगटं तीच. मला पाहून हात थांबला. मी चहाचं विचारलं, तो नको म्हणाला. मग मी कागद पुढे केले. त्याने बसच्या पायरीवर बसून वाचले. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या पानापासून वाचले. मी उन्हात उभा होतो. तो उठून मला मारेल असं मला वाटत होतं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"सात वर्सं, मामा," तो शेवटी म्हणाला. "माजा बाप गेल्यावर आप्पानं मला वाडवलंय. त्येंच्या मातीला मी परक्यासारका उभा ऱ्हायलो."

मी अण्णांच्या गाठीचं सांगितलं, मंगळवारचं सांगितलं. समारंभ रविवारी संध्याकाळी आहे, आणि त्याच दिवशी सकाळी शकीलभाई आणि मी अण्णांसोबत ओवीला वाडीवर बसणार आहोत, हेही सांगितलं. तू ये, असं म्हणायची माझी लायकी नव्हती. एवढंच म्हणालो, की देव ओढ्यात उतरला तिथे तुझी टिपरी थांबली होती. कुणी बसलंच तर तिथून धरायचं.

शंकरने कागदांची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. शाळेची घंटा झाली होती, मुलं बसकडे धावत येत होती. तो स्टिअरिंगवर जाऊन बसला, गाडी चालू केली आणि खिडकीतून मला म्हणाला,

"तिथनं न्हाई. मी थांबल्यावर अण्णा ढोलाबिगर दोन ओळी गायलाय. तुमी माइक बंद करायच्या नादात ऐकला न्हाईत. पानी देवाच्या गुडघ्याला लागलं म्हनलाय त्यो. तिथनं धरायचं."

आणि बस निघून गेली.

तो येईल का, हे मला माहीत नाही. हा गौरवग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा रविवारची सकाळ होऊन गेलेली असेल, आणि जे घडायचं ते घडलेलं असेल. साठीच्या लेखात शतायुष्य चिंतायची रीत आहे. अण्णांसाठी मीही ते चिंततो, शस्त्रक्रिया सुखरूप पार पडो आणि प्रकृती ठणठणीत राहो हेही मागतो. पण बिरोबाकडे माझं पहिलं मागणं लहान आहे. बा देवा, रविवारी सकाळी एक तासभर अण्णांचा गळा धड ठेव. बाकीची चाळीस वर्षं आम्ही सगळे मिळून नंतर मागून घेऊ.